जुनी विमाने कोण जपते?



आमच्या विहिरीवर पत्र्याच्या खोपीत एक जुने ऑईल इंजिन आहे. किर्लोस्करांचे, पाच हॉर्सपॉवरचे. मोट बंद झाल्यावर आबांनी ते घेतले होते. पुढे विजेची मोटार आली आणि इंजिन कोपऱ्यात पडले. श्रावणात एक भंगारवाला दारात आला. आबा त्याला म्हणाले, "न्हेऊन टाक बाबा. किलोवर काय हुतील ते पैसं दे."

मी म्हणालो, "आबा, नका ना देऊ. चालू करून बघू की."

आबा हसले. "आरं, धा वरसं हँडल मारलं न्हाई त्याला. आतनं जाम झालं आसंल." पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी भंगारवाल्याला पुढल्या महिन्यात यायला सांगितले.

त्याच आठवड्यात बाईंनी मला भित्तिपत्रकासाठी लेख लिहायला सांगितला. विषय होता 'जुनी यंत्रे'. मे महिन्याच्या सुट्टीत मामांबरोबर गोव्याला जाऊन मी जुन्या विमानांचे संग्रहालय पाहिले होते. म्हणून मी विमानांवर लिहायचे ठरवले. माहिती गोळा करता करता माझ्या लक्षात आले, की विमान असो नाहीतर विहिरीवरचे इंजिन असो, दोघांचे दुखणे एकच असते. आणि औषधही एकच असते. ते काय, हे या लेखात सांगतो.

गोव्याचे संग्रहालय

गोव्यात वास्को शहराजवळ, दाबोळी विमानतळाच्या बाजूला बोगमाळो नावाचे गाव आहे. तिथे भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. तुम्ही म्हणाल, नौदलाचे काम बोटींवर, त्यांना विमाने कशाला? पण समुद्र फार मोठा आहे. शत्रूची बोट किंवा पाणबुडी कुठे आहे, हे वरून लवकर दिसते. म्हणून नौदलाकडे स्वतःची विमाने असतात.

तिथे एक छोटे 'सीलँड' विमान आहे. १९५३ साली नौदलात जी पहिली विमाने आली, ती याच जातीची. त्याचे पोट होडीसारखे आहे. ते पाण्यावरही उतरू शकत असे आणि जमिनीवरही. दुसरे 'सी हॉक' हे लढाऊ जेट विमान. आपण छत्री मिटतो तसे त्याचे पंख वर दुमडता येतात, कारण बोटीवर जागा थोडी असते. 'आलिझे' हे फ्रान्समध्ये तयार झालेले पाणबुड्या शोधणारे विमान. 'सी हॅरिअर' हे तर उभ्या उभ्या खाली उतरू शकणारे विमान. ते १९८३ साली आपल्याकडे आले आणि २०१६ साली निवृत्त झाले.

पण मला सर्वांत आवडले ते अंगणात उभे असलेले मोठे विमान. त्याचे नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी.

वेरूळची राणी

हे विमान 'सुपर कॉन्स्टेलेशन' जातीचे आहे. ते अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीने बनवले. लांबी सुमारे ३५ मीटर. अंग माशासारखे मधे फुगीर आणि शेपटीकडे निमुळते. शेपटीवर एक नाही, दोन नाही, तीन उभे पंख आहेत. एकच उंच शेपूट केली असती तर विमान त्या काळच्या शेडमध्ये मावले नसते, म्हणून तीन बुटक्या केल्या.

त्याला चार इंजिने. एकेका इंजिनात १८ सिलिंडर आणि ताकद ३,००० हॉर्सपॉवरच्या वर. मी गणित करून बघितले. आबांची सहाशे इंजिने एकत्र जोडली तेव्हा कुठे या विमानाचे एक इंजिन होईल!

एअर इंडियाने ही विमाने १९५४ पासून घेतली आणि त्यांना राण्यांची नावे दिली. मुंबईहून लंडनला जाणारे प्रवासी त्यांत बसत. पुढे वेगवान जेट विमाने आली. मग वेरूळची राणी हवाई दलाकडे गेली आणि १९७६ साली नौदलाकडे आली. आधी जी प्रवासी नेत होती, ती अरबी समुद्रावर तासन् तास फिरून पहारा करू लागली. १९८० नंतरच्या काही वर्षांत तीही निवृत्त झाली. आता ती समुद्राकाठी ऊन, पाऊस आणि खारा वारा सोसत उभी आहे.

मी मामांना विचारले, "मामा, विमान तर ॲल्युमिनिअमचं असतं. ते कुठं गंजतं?" मामांना सांगता आले नाही. शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले.

विमान कसे खराब होते?

लोखंड गंजते हे आपल्याला माहीत आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले, की तांबूस गंज तयार होतो. तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनिअमचे तसे नाही. त्याच्यावर प्राणवायूमुळे एक अतिशय पातळ थर बसतो आणि तो थरच आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणून आपल्या घरातले ॲल्युमिनिअमचे पातेले वर्षानुवर्षे टिकते.

मग विमानाला काय होते? विमान शुद्ध ॲल्युमिनिअमचे नसते. ते मजबूत व्हावे म्हणून त्यात तांबे वगैरे धातू मिसळलेले असतात. अशा मिश्र धातूला मिठाची बाधा लवकर होते. समुद्राच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते संरक्षक थर फोडतात आणि धातूला सुईच्या टोकाएवढी भोके पडू लागतात. त्यातून पांढरी भुकटी बाहेर येते. जिथे पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा एकमेकांना चिकटलेले असतात आणि मधे खारे पाणी साचते, तिथे तर बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. दोन वेगळे धातू आणि मधे खारे पाणी, म्हणजे विजेचा घटच झाला. त्यात ॲल्युमिनिअम झिजत जाते. वरून रंग चांगला दिसतो आणि आतून पत्रा पोखरलेला असतो. पोरकिड्याने खाल्लेल्या वाशासारखे.

याशिवाय उन्हाने टायरच्या रबराला चिरा पडतात. खिडक्यांचे प्लॅस्टिक पिवळे पडते. पाखरे इंजिनात घरटी करतात. एकाच जागी वर्षानुवर्षे उभे राहिल्याने टायर चपटे होतात. म्हणजे जे विमान वादळातून उडून आले, ते नुसते उभे राहून मरू शकते.

आता आपल्या जिल्ह्याचेच बघा. महाबळेश्वरच्या पावसात दाराचे कुलूप लवकर गंजते. माणच्या कोरड्या हवेत तेच कुलूप बरीच वर्षे काढते. विमानाचेही असेच आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा उपयोग आहे.

राणीची बहीण

वेरूळच्या राणीची एक बहीण ऑस्ट्रेलियात आहे आणि ती उडवण्याच्या लायकीची करणारी माणसे कोणत्याही सरकारची नोकर नव्हती.

ऑस्ट्रेलियात १९७९ साली काही हौशी लोकांनी एक संस्था काढली. 'हिस्टॉरिकल एअरक्राफ्ट रिस्टोरेशन सोसायटी' हे तिचे नाव. लोक तिला थोडक्यात 'हार्स' म्हणतात. सिडनी शहराच्या दक्षिणेला अल्बियन पार्क या ठिकाणी तिचे संग्रहालय आहे. तिथे काम करणारे बहुतेक सर्व स्वयंसेवक आहेत. कोणी निवृत्त वैमानिक, कोणी विमानाचे मिस्त्री, कोणी साधे नोकरदार. आपल्याकडे गावात रस्त्यासाठी किंवा बंधाऱ्यासाठी श्रमदान होते ना, तसेच हे विमानांसाठी श्रमदान.

या लोकांना एक सुपर कॉन्स्टेलेशन हवे होते. ते अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन गावाजवळच्या वाळवंटात सापडले. तिथली हवा कोरडी, पाऊस थोडा. म्हणून तिथे शेकडो जुनी विमाने रांगेने उभी करून ठेवतात. (माणच्या कुलपाची आठवण झाली का?) पण कोरडी हवा असली तरी उभे राहून यंत्र जाम होतेच. मग हे स्वयंसेवक तुकड्या तुकड्यांनी सुट्टी काढून अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी इंजिने उघडली, नळ्या बदलल्या, तारा तपासल्या. असे काही वर्षे चालले. शेवटी फेब्रुवारी १९९६ मध्ये ते विमान पॅसिफिक महासागर ओलांडून सिडनीला उतरले. वाटेत बेटांवर थांबत थांबत आले, पण स्वतःच्या इंजिनांवर आले. लोक त्याला लाडाने 'कॉनी' म्हणतात.

याच संग्रहालयात मार्च २०१५ मध्ये एक मोठा पाहुणा आला. क्वांटास कंपनीचे 'सिटी ऑफ कॅनबेरा' नावाचे जंबो जेट. या विमानाने ऑगस्ट १९८९ मध्ये लंडनहून सिडनीपर्यंत कुठेही न थांबता सुमारे वीस तासांत प्रवास केला होता. निवृत्त झाल्यावर कंपनीने ते संग्रहालयाला दिले. अल्बियन पार्कची धावपट्टी एवढ्या मोठ्या विमानासाठी अरुंद, फक्त ३० मीटर रुंद. तरी वैमानिकांनी ते नीट उतरवले. वीस तास उडणाऱ्या विमानाचा शेवटचा प्रवास पाव तासाच्या आसपासचा होता!

स्वयंसेवक करतात तरी काय?

अशा संग्रहालयात नुसते तिकीट फाडून विमान दाखवत नाहीत. रोजचे काम असते. ते पुढीलप्रमाणे:

१. धुणे. विमान गोड्या पाण्याने धुतात. मीठ आणि पाखरांची घाण राहू देत नाहीत. विमानाच्या पोटाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती काडी घालून मोकळी ठेवतात.

२. झाकणे. इंजिनाची तोंडे आणि नळ्या झाकतात, म्हणजे चिमण्या, उंदीर आत जात नाहीत. झाकण लाल रंगाचे असते, म्हणजे काढायचे विसरत नाही.

३. टेकू देणे. चाकांवरचा भार कमी व्हावा म्हणून विमान जॅकवर किंवा टेकूवर उचलून ठेवतात.

४. फिरवणे. इंजिन वेळोवेळी फिरवतात. कॉनीसारख्या विमानात सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. उभे राहिल्यावर तेल हळूहळू खालच्या सिलिंडरमध्ये उतरते. तसेच एकदम चालू केले तर इंजिन फुटू शकते, कारण तेल दाबले जात नाही. म्हणून आधी पंखा सावकाश फिरवून, पाती मोजून, मगच इंजिन सुरू करतात.

५. लिहून ठेवणे. कोणता बोल्ट कधी बदलला, तेल कधी घातले, कोणी केले, हे सर्व नोंदवहीत लिहितात. नोंद नसेल तर त्या विमानाला उडायची परवानगी मिळत नाही.

६. शिकवणे. म्हातारे मिस्त्री तरुणांना शिकवतात. हे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. ती गेली की त्यांच्याबरोबर ती विद्याही जाईल.

आपल्या देशातल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट आनंदाची. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक डकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले आणि काश्मीरचे रक्षण झाले. तशाच जातीचे एक विमान परदेशात भंगारात निघाले होते. राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. म्हणून चंद्रशेखर यांनी ते विमान विकत घेतले, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते ब्रिटनहून उडत उडत भारतात आले. त्याचे नाव 'परशुराम'. भंगारातले विमान पुन्हा आकाशात गेले.

दुसरी गोष्ट दुःखाची. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी मुंबईला 'विक्रांत' बोट पाहिली असेल. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक आणि आलिझे विमाने उडाली. हो, गोव्याला उभी आहेत त्याच जातीची! ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय होते आणि शाळेच्या सहली तिथे जात. पण पाण्यात उभ्या असलेल्या एवढ्या मोठ्या लोखंडी बोटीला सतत डागडुजी लागते. तिचा खर्च फार मोठा. २०१२ मध्ये ती धोकादायक झाली म्हणून संग्रहालय बंद करावे लागले. ती वाचावी म्हणून लोक न्यायालयात गेले, तरी उपयोग झाला नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीला मुंबईतच ती तोडायला सुरुवात झाली. तिच्या धातूपैकी थोडा बजाज कंपनीने घेऊन 'व्ही' नावाच्या मोटारसायकलीत वापरला. आता त्याच नावाची नवी विक्रांत आहे. ती २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. पण १९७१ ची विक्रांत आपल्याला पुन्हा कधी बघता येणार नाही.

यातून मला असे वाटते, की वस्तूवर प्रेम असणे वेगळे आणि तिला रोज हात लावणे वेगळे. विक्रांतवर तर सर्व देशाचे प्रेम होते. पण गंज प्रेमाला थांबत नाही. तो रोज काम करतो, म्हणून जपणाऱ्यालाही रोज काम करावे लागते.

घरी करून बघा

साहित्य: चार नवे खिळे, चार काचेच्या बाटल्या, मीठ, गोडे तेल, पाणी.

कृती: पहिल्या बाटलीत कोरडा खिळा ठेवा. दुसरीत खिळा अर्धा बुडेल एवढे साधे पाणी घाला. तिसरीत तेवढेच पाणी घालून दोन चमचे मीठ विरघळवा. चौथीत खिळ्याला सगळीकडून तेल चोपडून मग साधे पाणी घाला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा. आठ दिवस रोज बघा आणि वहीत लिहा.

मी केला तेव्हा तिसऱ्या बाटलीतला खिळा सर्वांत आधी तांबडा झाला. कोरडा खिळा जसाच्या तसा राहिला. तेलाचा खिळा एका बाजूला थोडासा गंजला, कारण तिथे तेल लावायचे राहिले होते. एवढ्याशा जागेतून गंज शिरतो!

आबांच्या इंजिनाचे काय झाले?

हे सगळे मी आबांना वाचून दाखवले. आबा सगळे ऐकून घेतात, बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते खोपीत गेले. मीही गेलो. आम्ही आधी कोळ्याची जाळी आणि माती काढली. चिमणीचे घरटे निघाले, ते रिकामे होते. मग आबांनी वरचा भाग खोलून सिलिंडरमध्ये डिझेल ओतले आणि म्हणाले, "आता चार दीस मुरू दे. घाई करायची न्हाई."

चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मोठे चाक धरले आणि जोर लावला. हलले नाही. आबांनी पुन्हा डिझेल घातले. आठव्या दिवशी चाक थोडेसे, वीतभर फिरले. आबा एकदम म्हणाले, "जित्तं हाय!"

अजून इंजिन सुरू झालेले नाही. नोजल साफ करायचा आहे आणि एक पट्टी मिळत नाही. पण रोज संध्याकाळी आम्ही चाक फिरवतो. आता ते पूर्ण फिरते. मी एक वही केली आहे. त्यात तारीख आणि काय केले ते लिहितो. कोणता आवाज कशाचा, हे आबा सांगतात आणि मी तेही लिहून घेतो. भंगारवाला येऊन गेला. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पालकांना विनंती

आपल्या घरीही मोटेचे चाक, जुनी पाभर, दगडी जाते, शेर-पायलीची मापे, कंदील अशा वस्तू असतील. त्या भंगारात देण्याआधी एकदा आम्हां मुलांना दाखवा. ती कशी चालवायची, कोणी वापरली, हे सांगा. आम्ही लिहून घेऊ. वस्तू गेली तरी निदान तिची माहिती राहील. आणि दोन्ही राहिले तर फारच छान.

स्वाध्याय

१. सीलँड विमानाचे पोट होडीसारखे का असते?
२. बोटीवरच्या विमानांचे पंख का दुमडतात?
३. जुनी विमाने वाळवंटात का उभी करतात?
४. ॲल्युमिनिअमचे पातेले टिकते, मग विमान का खराब होते?
५. तुमच्या घरातले सर्वांत जुने यंत्र कोणते? ते चालू आहे का? घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाच ओळी लिहा.

उत्तरे लिहून बाईंकडे द्या. चांगली उत्तरे पुढच्या भित्तिपत्रकात लावू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, शिरवळ